भरल्या पोटी उपासमार

कोंबडीचं पोट दाण्यांनी गच्च भरलेलं असावं आणि तरीही तिनं भुकेनं मरावं, हे कसं? खडकमाळच्या घुमटाखालच्या वस्तीत सन २०८४च्या उन्हाळ्यात नेमकं हेच चाललं होतं. बारा वर्षांची इंदुजा रोज सकाळी खुराड्यात जाई आणि मेलेल्या कोंबड्या पाटीत भरून बाहेर काढी. नऊशेंतल्या तीनशे उरल्या होत्या. घुमटाबाहेर बावन्न अंश ऊन, नवी पिल्लं आणायची कुठून? इथल्या पोरांच्या ताटात अंडं हाच काय तो सकस घास होता, आणि तोही आता जायची वेळ आली होती.

त्या सकाळी पंचांचा निरोप आला. ही साथ आहे, दुपारी चार वाजता उरलेल्या सगळ्या कोंबड्या मारून पुरायच्या.

खुराडं इंदुजाच्या शेवंताआत्याच्या ताब्यात होतं. आठ वर्षांपूर्वी खरीखुरी साथ आली, तेव्हा तिचा अख्खा कळप गेला आणि पाठोपाठ नवराही. तेव्हापासून बाहेरून आलेली कुठलीही वस्तू अर्धा तास वाफवल्याशिवाय ती कोंबड्यांपुढे टाकत नसे. इतकं जपूनही पुन्हा तेच!

इंदुजा धावत भिंग्याकडे गेली. भिंग्या म्हणजे घुमटातला तपासनीस यंत्रमानव. एक डोळा भिंगाचा, आणि बोलणं असं की समोरच्याला बरं वाटेल याची अजिबात फिकीर नाही. त्यानं एक मेलेली कोंबडी कापली. इंदुजा जवळ सरकून बघू लागली.

"साथीचे जंतू नाहीत," भिंग्या म्हणाला. "आतडं बघ."

आत खळीसारखा चिकट लगदा साचला होता.

"काय खायला घालता?"

"जव. तीन महिने झाले. मक्याचं पीक जळून गेलं ना!"

"जवाच्या दाण्यात बीटा-ग्लुकॅन असतं (साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी). पोटातल्या पाण्यात ते फुगतं आणि त्याची खळ होते. दाण्यातलं पिष्ट, प्रथिनं त्या खळीत अडकतात. आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतच नाहीत. खाल्लेलं बरंचसं तसंच बाहेर पडतं."

"मग ती साखळी तोडायची!"

"तोडायला कात्री हवी. त्या कात्रीला विकर किंवा एन्झाइम म्हणतात (शरीरातली रासायनिक कामं झपाट्यानं उरकणारं प्रथिन). प्रत्येक विकराचं काम ठरलेलं असतं. ही साखळी तोडणारं विकर कोंबडीच्या शरीरात तयारच होत नाही. मक्यात ही खळ नसल्यासारखीच, म्हणून आजवर भागलं."

"पण त्या विकराची पूड आमच्याकडे आहे! जवाच्या बियाण्याबरोबर संशोधन केंद्रानं पुडे पाठवलेत. आत्या रोज घालते."

"मग खळ व्हायला नको होती," भिंग्या म्हणाला. "ती कधी घालते, ते विचार."

ती तशीच परत पळाली. "आत्या, पुड्यातली पूड कधी घालतेस गं?"

"पिठात कालवती, मग समदं वाफवती. तीबी भायेरनंच आली न्हवं?"

वाफेनं पूड निकामी होत असेल तर? इंदुजा आत्याला घेऊन भिंग्याकडे गेली. तिनं दोन वाट्यांत जवाचं पीठ कोमट पाण्यात कालवलं. एकीत पुड्यातली कोरी पूड घातली, दुसरीत वाफवलेली. कोंबडीच्या अंगाला असते तेवढी ऊब भिंग्यानं दोन्ही वाट्यांना दिली. तीनच्या सुमाराला पहिल्या वाटीतलं पीठ चमच्यावरून पाण्यासारखं ओघळलं. दुसऱ्या वाटीतलं चमच्याला चिकटून लोंबत राहिलं.

"विकर हे प्रथिन. त्याची घडी ठरलेली असते," भिंग्या म्हणाला. "फार तापलं की ती विस्कटते आणि काम थांबतं. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होतं का?"

आत्या दोन्ही वाट्यांकडे बघत राहिली. "म्हंजी सहाशे जीव म्या मारलं?"

नाही म्हणावं, असं इंदुजाला फार वाटलं. पण खोटं बोलवेना.

"हो," भिंग्या म्हणाला.

इंदुजाला त्याचा भयंकर राग आला. आत्या मात्र उठली, दोन्ही वाट्या घेतल्या आणि थेट पंचांपुढे जाऊन उभी राहिली. खड्डा खणून तयार होता. पंचांनी वाट्या पाहिल्या, आपसांत कुजबुजले आणि दहा दिवसांची मुदत दिली.

आता खाद्य आधी वाफवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, मगच पूड कालवायची. तरी पहिल्या आठवड्यात आणखी ऐंशी कोंबड्या गेल्या. त्यांच्या अंगात सावरण्याइतकं बळच उरलं नव्हतं. इंदुजा रोज रडत पाटी भरत होती. मग मरणं थांबलं. दहाव्या दिवशी कोंबड्यांची चिकट विष्ठा सुकी, घट्ट पडू लागली होती. पंचांनी आपला हुकूम मागे घेतला.

त्याच आठवड्यात रेडिओवर निंबखोरे घुमटातल्या बाईंचा आवाज आला. "आमच्या कोंबड्या पटापट मरताहेत. भीतीपोटी जव, पूड, सगळं वाफवून घालतोय, तरी साथ आवरत नाही. परवा सगळ्या पुरणार आहोत."

हा रेडिओ खोऱ्यातल्या अकरा घुमटांत ऐकू जाई. आत्याची चूक चारचौघांत नको, म्हणून नुसतीच कृती सांगावी असं ठरवून इंदुजानं हात पुढे केला. आत्यानं तिच्या आधीच बोलायचं बटण दाबलं.

"म्या खडकमाळची शेवंता. आमच्या सहाशे ऐंशी कोंबड्या माझ्या हातानं मेल्या. कशा, ते आधी समद्यांनी ऐका, आन् मग खड्डं खणा."

पलीकडून त्या बाई म्हणाल्या, "सांगा ताई. लिहून घेते."