मागचे बाक

भर दुपारी पावसाची सर आली आणि गणिताच्या मॅडम धावत जाऊन वाचनालयासमोरच्या झाडाखाली उभ्या राहिल्या. तिथे एक तरुण आधीच होता. बुंध्याला मोजपट्टी गुंडाळायची त्याची खटपट चालली होती आणि हात काही पुरत नव्हते.

"जरा हे टोक धरता?"

तिने धरलं. तो झाडाला वळसा घालून तिच्या बोटांपाशी आला, आकडा वाचला... आणि वाचून झाल्यावरही तिथेच रेंगाळला.

"जाड झालंय," तो म्हणाला.

"कोण?"

"झाड. तुम्हाला कशाला म्हणेन — आधी ओळख तरी होऊ दे."

ती मनापासून हसली. मग त्याने सांगितलं, की तो 'झाडांची ओळख' शिकवतो. तिचं हसू जागच्या जागी विरलं.

विद्यापीठात सगळ्या शाखांना सक्तीचे असलेले विषय नव्याने ठरवायचं काम चालू होतं आणि त्या समितीत ही सगळ्यात लहान. नियम असा, की जो विषय काढा म्हणाल त्याच्या एका तासाला आधी जाऊन बसायचं. 'झाडांची ओळख' काढून संख्याशास्त्र घाला, असं हिनेच सुचवलं होतं. तासाला जायचा मात्र कंटाळा केला. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा बाईंनी ठोकून दिलं — मागच्या बाकांवरची मुलं चक्क झोपली होती.

"समितीत कुणीतरी म्हणालं, मागच्या बाकांवर मुलं झोपतात," तो पट्टी गुंडाळत म्हणाला. "आमचा तास असा झाडाखाली उभ्यानेच होतो. मागचे बाक मी आणू कुठून?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. सांगावं... आत्ताच सांगावं... पण जीभ उचलेना. त्याने छत्री उघडली आणि तिला तिच्या विभागापर्यंत सोडलं. सगळी छत्री तिच्या बाजूला, त्याचा खांदा पार भिजलेला. ते बघून तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्याच्या शेवटच्या बैठकीला समितीने त्यालाही बोलावलं होतं.

संध्याकाळी तिने ताईला फोन करून सगळं सांगितलं.

"खोटं बोलायचं तर नीट तरी बोलायचं गं," ताई म्हणाली. "आता गप्प बसलीस तर त्याचा विषय जाणार, बोललीस तर तुझी अब्रू. काय जाऊ द्यायचं ते तू ठरव."

"छत्री फार लहान होती गं त्याची..."

"अस्सं," ताई म्हणाली. "म्हणजे ठरलंच की."

दुसऱ्या दिवशी बैठक सुरू होताच ती उभी राहिली. मी त्या तासाला गेलेच नव्हते, ते बाक आणि ती झोपलेली मुलं माझ्या मनातली, असं तिने टेबलाकडे बघत सांगून टाकलं. अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. विषय राहील, म्हणाले. मॅडम मात्र समितीत राहणार नाहीत. ती मान खाली घालून बाहेर पडली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

व्हरांड्यात मागून तो आला.

"तुम्हीच होतात हे मला कालच कळलं होतं. पट्टी धरलीत तेव्हा गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव वाचलं. समितीच्या पत्रात तेच होतं."

"मग... छत्री कशाला धरलीत?"

"आधी राग आला होता, म्हणून मुद्दाम बाकांचं काढलं. पण तुमचा चेहरा असा काही पडला, की..." तो थांबला. "तुम्ही आज बोलाल असं वाटत होतं. बोलला नसतात तर मला फार वाईट वाटलं असतं. विषयाचं नव्हे."

तिचे डोळे भरून आले. वर बघायचा धीर होत नव्हता.

"मला तुमच्या तासाला यायचंय," ती पुटपुटली.

"लाज वाटते म्हणून?"

"लाज तर वाटतेच. पण नुसती लाज असती तर एका तासाने भागलं असतं. मला... रोज यावंसं वाटतंय."

तो हळूच म्हणाला, "बसायला बाक नाहीत हं."

"उभी राहीन. सगळ्यांच्या मागे."

"मागे नको," तो म्हणाला. "शेजारी."