उसनी हालचाल

सकाळचे साडेनऊ वाजले की सुजित नागवेकरचा उजवा हात कामाला लागायचा. काम मात्र सुजितचं नसायचं.

पडवीतल्या खुर्चीत तो बसलेला असे. हात उशीवर ठेवलेला, कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत राखाडी रंगाची पातळ बाही चढवलेली. बाहीवरचा बारका पांढरा दिवा हिरवा झाला की तोवर निपचित पडलेली बोटं जागी व्हायची. अंगठा तर्जनीला जाऊन भेटायचा, मधलं बोट खाली वळायचं, हवेतल्या हवेत काहीतरी गुंडाळलं जायचं आणि ओढून घट्ट केलं जायचं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. दीप्ती, त्याची बायको, चहाचा कप त्याच्या डाव्या हाताशी ठेवत म्हणायची, "आल्या वाटतं बाई."

बाई कोण, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. ती बाई आहे हासुद्धा दीप्तीचाच अंदाज. रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे हालचाल देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला कळत नसे आणि घेणाऱ्याचं देणाऱ्याला.

सुजित पाडेली होता. गुहागरच्या दक्षिणेला, समुद्राला लागून असलेल्या वाड्यांतल्या बागांमध्ये नारळ आणि सुपारी पाडणं हा त्याच्या घरचा धंदा. नारळावर चढणारी यंत्रं येऊन दहा वर्षं होत आली होती, पण दाट पोफळींच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, बागेत ती अडायची. तिथे माणूसच लागे. एका पोफळीच्या शेंड्याशी जायचं, घोस उतरवायचा, झाडालाच झोका द्यायचा आणि शेजारची पोफळ धरून तिच्यावर जायचं. सुजित एका दमात वीस-वीस पोफळी जमिनीला पाय न लावता करायचा.

कार्तिकातल्या एका सकाळी झोका अर्ध्यात असताना झाड मोडलं. सुजितने शेजारची पोफळ उजव्या हाताने पकडली. पकड सुटली नाही, पण सगळ्या देहाचं वजन त्या एका वर ताणलेल्या हातावर आलं, आणि खांद्यात आत कुठेतरी काहीतरी तुटल्याचं त्याला ऐकूच आलं. मग तो खाली पडला. बरगडी मोडली, ती महिन्याभरात जुळली. हाताचं तसं नव्हतं.

काखेतून हातात जाणारी मोठी धमनी आतून फाटली होती. डॉक्टरांनी पायातली एक शीर काढून तिथे जोडली आणि पांढरा पडलेला हात पुन्हा गुलाबी केला. उशीर झाला असता तर हात काढावाच लागला असता. पण धमनीच्या भोवतीने जाणाऱ्या, मेंदूचा हुकूम बोटांपर्यंत नेणाऱ्या नसा, ज्यांना डॉक्टर चेतातंतू म्हणत, त्याही ताणून तुटल्या होत्या. पोटरीतली एक कमी महत्त्वाची नस काढून त्यांनी त्या सांधल्या. कोपर वाकत होतं, पण पंजा म्हणजे मनगटाला लटकवलेली वस्तू झाला होता.

डॉक्टर नसीम काझींनी त्याला कागदावर रेघ ओढून दाखवली होती. सांधलेली नस पुन्हा वाढते, पण दिवसाला फार तर एक मिलिमीटर. काखेपासून तळहातापर्यंत पोचायला दोन वर्षं. आणि हुकूम न मिळालेले तळहातातले बारके स्नायू दीड वर्षातच वाळून जातात. नस पोचते तेव्हा तिची वाट बघणारं कुणी उरलेलं नसतं.

म्हणून ही बाही. पूर्वी यंत्राने विजेचे झटके देऊन स्नायू जिवंत ठेवून पाहिले होते, पण एकाच ठेक्याने ते ताठरून जायचे. जिवंत माणसाच्या हाताला मात्र ठेका नसतो. तो थांबतो, घाई करतो, हलकं धरतो, घट्ट धरतो. तेव्हा धडधाकट माणसाने एक बाही घालायची, तिने त्याच्या नसांमधले संदेश टिपायचे, आणि दूरच्या दुसऱ्या बाहीने ते आजारी हाताच्या स्नायूंना पोचवायचे. दोन्ही हातांची लांबी, ठेवण आणि नसेतून संदेश धावण्याचा वेग जुळावा लागे. जखमा भरल्यावर सुजितशी जुळणारा हात मिळायला आणखी पाच महिने गेले होते.

आता बाही चढवायला लागून नऊ महिने झाले होते. सुजितला त्या बोटांचं काही जाणवत नसे, नुसतं दिसे. पण रोज चार तास दुसरं करायचं तरी काय? तो बघत बसे, आणि बघता बघता बाईंची ओळख होत गेली. सोमवारी हात घाईत असायचा. सणाच्या आदल्या दिवशी चाराचे सहा तास व्हायचे. एकदा दीप्तीने त्या हालचाली बराच वेळ न्याहाळल्या, परसातून अबोलीची फुलं आणि दोरा आणला आणि सुजितच्या बोटांत दिला. पहिली फुलं खाली सांडली. मग एकदा वेळ नेमकी साधली, दोऱ्याचा वेढा बसला, गाठ आवळली गेली. दोन अबोली एकमेकींना घट्ट बिलगून उशीवर पडल्या. बाई हार-गजरे करणाऱ्या होत्या. दीप्तीने ती फुलं देवापुढे ठेवली आणि हात जोडले, ते देवाला की बाईंना, ते सुजितने विचारलं नाही. त्या दिवसापासून हात थांबला की तोही मनातल्या मनात म्हणायचा, बाई, उपकार झाले.

चैत्र नुकताच लागला होता तेव्हाची गोष्ट. बोटं वेढा घेता घेता एकदम सैल पडली. दिवा पांढरा झाला. दीडेक मिनिटाने पुन्हा हिरवा झाला, बोटं हलली, पण चाचपडत. अंगठा तर्जनीला भेटायला गेला आणि चुकला. सुजितला वाटलं, बाई दमल्या असतील. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं. त्यानंतर तीन दिवसांनी तिसऱ्यांदा झालं, आणि या वेळी सुजित खुर्चीत ताठ बसला.

बाई थांबायच्या ती रीत त्याला पाठ होती. आधी दोऱ्याच्या टोकाला पीळ देत, मग चारही बोटं अंगठ्यावर घासून पुसत, मग हात मांडीवर ठेवत. या तीन वेळी ना पीळ होता, ना पुसणं. हात थांबवला गेला नव्हता. हाताला हुकूमच पोचला नव्हता. हुकूम न पोचलेला हात कसा पडतो हे सुजितइतकं कुणाला माहीत असणार?

रुग्णालयाच्या यंत्रणेत संदेश थांबला की 'विश्रांती' अशी नोंद व्हायची. म्हणजे तिथे कुणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. फोन समोर होता, आणि सुजितने तो उचलला नाही.

कारण त्याला सुरुवातीलाच सांगितलेलं होतं, देणाऱ्याच्या तब्येतीची शंका जरी आली तरी त्याची बाही त्याच दिवशी उतरवली जाते. मग नवा जोडीदार शोधायचा, म्हणजे पुन्हा चार-पाच महिने. त्याची नस आत्ता कुठे कोपराखाली उतरली होती. तळहातातल्या स्नायूंना तेवढा दम नव्हता. त्याने दिवसभर स्वतःची समजूत घातली. उन्हाळा आहे, बाईंना भोवळ आली असेल. त्यांच्या घरी माणसं असतील. त्यांना स्वतःला कळत नसेल का? दीप्तीने जेवताना विचारलं, गप्प का, तर म्हणाला, उकडतंय.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला दिवा हिरवा झाला आणि बोटं रोजच्यासारखी कामाला लागली. सुजितला त्यांच्याकडे बघवेना. नऊ महिने रोज सकाळी न चुकता आलेलं माणूस आणि आपण त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून बघत बसलोय, हे त्याला सोसेना. त्याने दीप्तीला हाक मारली आणि सगळं सांगितलं. मग तिनेच नंबर लावून फोन त्याच्या कानाशी धरला.

डॉक्टर काझींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. पिळाचं आणि पुसण्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "सुजितभाऊ, याचा तुमच्या हातावर काय परिणाम होईल, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच कालचा दिवस गेला," सुजित म्हणाला. "आता आणखी घालवू नका."

दहा मिनिटांत दिवा पांढरा झाला आणि पांढराच राहिला.

पुढचं त्याला डॉक्टरांकडून तुकड्या-तुकड्याने कळलं. बाईंच्या मानेतल्या डाव्या बाजूची, मेंदूला रक्त नेणारी धमनी आतून चिंचोळी झाली होती. तिथून रक्ताच्या बारक्या गुठळ्या सुटत होत्या आणि मेंदूत क्षणभर अडकून विरघळत होत्या. तेवढा वेळ उजवा हात बंद पडायचा. एखादी मोठी गुठळी विरघळली नसती तर अर्धं अंग गेलं असतं, कदाचित जीवही. बाईंना वाटत होतं, बसून बसून हाताला मुंग्या येतात. त्याच दिवशी त्यांना दाखल केलं आणि तिसऱ्या दिवशी धमनी साफ केली.

सुजित रोज साडेनऊला बाही चढवून खुर्चीत बसायचा. सवय. हात उशीवर पडून असायचा आणि अंगठ्याखालचा उंचवटा दर आठवड्याला थोडा थोडा बसत चालला होता. दीप्ती त्याची बोटं चोळून द्यायची. नवा जोडीदार मिळत नव्हता.

दहाव्या आठवड्यात एका सकाळी दिवा हिरवा झाला. अंगठा तर्जनीला भेटला, मधलं बोट वळलं, वेढा बसला. सुजितने दीप्तीला हाक मारली. बाईंनी स्वतःच डॉक्टरांमागे लकडा लावला होता म्हणे. दोनच तासांची परवानगी मिळाली होती.

अपघाताला बावीस महिने झाले तेव्हा, बाही काढून ठेवलेली असताना, सुजितच्या अंगठ्याने तर्जनीला स्पर्श केला. त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा झालं. मधल्या दहा आठवड्यांची किंमत करंगळीने मोजली, ती कायमची अर्धवट वाकलेली राहिली, आणि डॉक्टरांनी झाडावर चढायला साफ मनाई केली. पण अडकित्ता धरता यायला लागला, शर्टाची बटणं लावता यायला लागली, भाताचा घास उजव्या हाताने तोंडात जायला लागला. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि दीप्तीने ते न बघितल्यासारखं करून आमटी वाढली.

त्यानंतर बाईंनी रीतसर अर्ज करून नावाची अट उठवली. त्यांचा फोन आला. वैजयंता फुलारी, राहणार अंबाजोगाई, वय बासष्ट, देवळाजवळ हारांचं दुकान. त्यांचा आवाज हातापेक्षा पुष्कळ मोठा होता. धमनीचं ऑपरेशन, सून, फुलांचे भाव, सगळं त्या भराभर सांगत सुटल्या. सुजित थांबून राहिला, आणि फट मिळाली तसं त्याने सांगून टाकलं.

"मावशी, मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मी एक दिवस गप्प बसलो. माझ्या हातासाठी."



"एकच दिवस का?" त्या म्हणाल्या. "लेकरा, मी तर माझ्याच हाताकडं दोन महिने बगितलं न्हाई. तू नऊ महिने बगत होतास. माझ्याकडं एवढं ध्यान देऊन आजवर कुणी बगितलं न्हाई."

फोन दीप्तीने घेतला आणि त्या दोघी अर्धा तास बोलत राहिल्या.

पुढच्या वर्षी श्रावणात डॉक्टर काझींनी विचारलं, तुमचा डावा हात देणार का? भंडाऱ्याच्या बाजूची एक मुलगी होती, विणकामाच्या कारखान्यात डाव्या खांद्याला तशीच इजा झालेली. माप आणि वेग जुळत होते. सुजितने दीप्तीकडे बघितलंसुद्धा नाही, हो म्हणाला.

पहिल्या दिवशी तो सोललेल्या सुपाऱ्यांच्या ढिगापुढे बसला. दीप्तीने बाहीचे बंद लावून दिले. दिवा हिरवा झाला आणि सुजितला काय करावं तेच सुचेना. शेकडो कोसांवर एक अनोळखी मुलगी आत्ता आपल्या हाताकडे टक लावून बघत असेल. त्याने एक सुपारी उचलली, बोटांत फिरवली, किडकी नाही असं बघून उजवीकडे टाकली. मग दुसरी उचलली. हळूहळू हात मोकळा झाला, आणि दहा-वीस सुपाऱ्यांनंतर त्याला जाणवलं की एक गोष्ट त्याने आजवर कधी विचारात घेतलीच नव्हती. आपल्या हाताच्या सवयी काय आहेत, हे त्याला स्वतःला अजिबात ठाऊक नव्हतं. थांबण्याआधी आपण काय करतो? त्या मुलीला ते कळेल का, आणि एखाद्या सकाळी हा हात थांबवला न जाता थांबला, तर ती फोन उचलेल का?