गुलाबी टिकेना

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी स्वतः तिथे होते.

गेल्या जानेवारीतला शनिवार. गंगापूर रोडवरचं आमचं ज्युनिअर कॉलेज दुपारीच सुटलं होतं. मी तिथे केमिस्ट्री शिकवते. भुताबितांची आजवर टिंगलच केली.

माझ्या वर्गातल्या साक्षीचं एक प्रॅक्टिकल राहिलं होतं. व्हिनेगरमध्ये ॲसिड किती, ते मोजायचं. ब्युरेटच्या उभ्या नळीतून अल्कली थेंबाथेंबाने सोडायची. फ्लास्कमध्ये फिका गुलाबी रंग आला आणि टिकला, की रीडिंग घ्यायचं.

रंग आला.

आणि गेला...

"तोंड लांब ठेव गं," मी म्हटलं. "श्वासानेसुद्धा उडतो तो."

तिने नाकातोंडाला रुमाल बांधला. मी पदर धरला. पुन्हा एक थेंब. गुलाबी.

मग फ्लास्कमध्ये बुडबुडे आले... कोणी स्ट्रॉने फुंकावं तसे.

रंग गेला.

"चल बाहेर!"

दार हलेना. बाहेरून कुलूप!

दप्तरं लॅबबाहेर ठेवायची, ही माझीच शिस्त. साक्षीचा दम्याचा पंप दप्तरात. माझा मोबाइल स्टाफरूममध्ये चार्जिंगला.

आणि साक्षीला धाप लागली.

मी दार बडवलं. घसा फुटेस्तोवर ओरडले. खिडक्यांना ग्रिल. पोरीचे ओठ निळे पडायला लागले आणि मला रडूच फुटलं.

एकदम तिची धाप थांबली.

पण धापेचा आवाज थांबला नाही...

तो टेबलाकडून येत होता. तिथे कोणी नव्हतं.

"मॅडम, बरं वाटतंय आता," साक्षी शांतपणे म्हणाली.

तेवढ्यात कुलूप निघालं. दारात शिपाई कोंडाजीमामा, हातात तिचं दप्तर.

"एकच दप्तर दिसलं, म्हटलं पोरगी विसरून गेली. ऑफिसात नेऊन ठेवलं. मला वाटलं, आत कोणी नाय! आत्ता ओरडा ऐकून धावलो."

त्या दिवसापासून साक्षीला पंप लागला नाही. तिच्या आईने मला पेढे दिले. मीही आनंदाने खाल्ले.

परवा वर्गात गंमत म्हणून गुलाबी पाणी केलं. स्ट्रॉने फुंकलं की श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने रंग जातो. सगळ्यांनी फुंकून बघितलं, सगळ्यांचा गेला.

साक्षीने फुंकलं. बुडबुडे भरपूर आले.

रंग तसाच...

ती फुंकतच राहिली. मध्ये एकदाही श्वास घेतला नाही. मुलं टाळ्या वाजवत होती.

शेवटी तिने मान वर केली.

"मॅडम, माझाच का जात नाही?"

मी केमिस्ट्री शिकवते. काय सांगू तिला?