नंबर पुसताना

श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर भुरभुर पाऊस लागला होता. माझ्या हातातला पुठ्ठ्याचा खोका भिजला आणि बेलापूरची बस लागायच्या आतच त्याचा तळ सुटला. आतलं वीतभर लांबीचं हिरवं इंजिन खाली आपटणार, तेवढ्यात शेजारच्या मुलानं ते ओंजळीत झेललं. परत द्यायचं सोडून डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिला.

"ह्याचा नंबर चुकलाय," तो म्हणाला.

"कंपनीनं छापलाय. मी तोच पुसायला चाललेय."

त्याला खोटं वाटलं. मग मला सांगावं लागलं, की मॉडेलच्या गाड्यांवरची छापील अक्षरं काढून खऱ्या गाड्यांचे नंबर घालायचे, हा माझा नाद. तो अंगद. दौंडला मालगाडीवर असिस्टंट लोको पायलट, सुट्टीला शेवगावला घरी निघालेला.

बस लागेपर्यंत त्यानं माझा फोन नंबर आणि पत्ता घेतला. आठवड्यानं तसंच इंजिन घेऊन तो आमच्या दारात हजर. शेवगावला रेल्वे नाही. त्याच्या आईनं, आक्काबाईंनी, त्याचं इंजिन कधी पाहिलंच नव्हतं. तो ड्युटीवर गेला की त्यांच्या जिवाला घोर. पंधरा दिवसांनी त्याची बदली भुसावळला होणार होती. त्याआधी त्याच्या पहिल्या इंजिनाचा नंबर घालून हे आईला द्यायचं होतं.

स्पिरिटमध्ये भिजवलेली कापसाची काडी मी छापील आकड्यांवरून हलकेच फिरवली. तो अगदी जवळ येऊन बघत होता. माझी काडी जागीच थांबली…

"मी लांब बसू का?"

"नको — म्हणजे, चालेल तिथंच."

पहिला आकडा छान निघाला. बाकीचे मी तो गेल्यावर काढायला घेतले, आणि त्याच्याच विचारात काडी जरा जास्त दाबली. आकड्याबरोबर खालचा हिरवा रंगही उडाला. करडं प्लास्टिक उघडं पडलं. तसाच हिरवा जुळवायला दोन दिवस धडपडले, ठिगळ काही लपेना. शेवटी सगळं इंजिन स्पिरिटमध्ये बुडवलं आणि जुन्या टूथब्रशनं घासून उरलेला रंगही काढून टाकला.

तो रोज मेसेज करून विचारायचा. मी लिहायचे, "होतंय."

चौथ्या दिवशी दुपारी तो न सांगता आला. टेबलावर ते करडं, उघडंबोडकं इंजिन. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यानं इंजिन उचललं, फिरवून पाहिलं, परत ठेवलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"इंजिनाचं राहू द्या," तो म्हणाला. "तुमचे मेसेज एका शब्दाचे का झाले, तेवढं सांगा. चार दिवस मला ड्युटीवर चैन नाही."

"भीती वाटत होती."

"कशाची?"

"बिघडलेलं कळलं तर तू येणार नाहीस… आणि चांगलं झालं, तर न्यायला एकदाच येशील."

'तू' कधी तोंडून गेलं, मला कळलंच नाही. त्याला कळलं होतं. त्यानं खुर्ची ओढून घेतली.

"रंगाचा एक हात वाळायला किती वेळ लागतो?"

"एक दिवस."

"आणि हात किती द्यायचे?"

"दोन."

"चार दे."

"चार दिले तर बारीक रेषा बुजतात."

"मग तीन," तो म्हणाला. "मी तिन्ही दिवस येतो."

आणि आला. नंबर घातला त्या दिवशी शेवटचा आकडा होईपर्यंत त्यानं इंजिन दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

बदलीच्या आदल्या रविवारी आम्ही शेवगावला गेलो. आक्काबाईंनी हात पदराला पुसून इंजिन घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी.

"तू कुठं बसतो रं ह्यात?" त्यांनी विचारलं.

अंगदनं पुढच्या खिडकीवर बोट ठेवलं.

त्यांनी ती खिडकी बराच वेळ न्याहाळली. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाल्या,

"आन् ही कुठं बसनार?"