ड्रॉइंग नसलेलं काम

ऑलिव्हचे घाणे सुरू झाले की स्फाक्स शहरातल्या एमनाच्या वर्कशॉपमध्ये रिकाम्या हाताने कुणी येत नसे. घाण्याचा काहीतरी मोडका तुकडा हातात असायचाच. म्हणून पावसात भिजलेला एक तरुण दारात उभा राहिला, तेव्हा तिने वर न बघताच हात पुढे केला.

त्याने गोंधळून आपलं व्हिजिटिंग कार्ड तिच्या तेलकट तळव्यावर ठेवलं.

"हे कुठे मोडलंय?" तिने विचारलं.

तो हसला... आणि मग तिलाही हसू आवरेना.

त्याचं नाव नबीह. वर्कशॉपचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर तो विकायचा. शेजारच्या कारखान्यात निघाला होता, पावसामुळे आडोशाला थांबला. एमनाने त्याला चहा दिला. असं सॉफ्टवेअर तिलाही हवंच होतं. वडील गेल्यापासून सगळं तिच्यावर होतं. मागच्या हंगामात दोन घाण्यांच्या शाफ्टची अदलाबदल झाली आणि दोन्ही गिऱ्हाइकं तुटली. यंदा पुन्हा तसं झालं तर वर्कशॉप विकायचं, असं भावाने बजावलं होतं.

नबीहने सॉफ्टवेअर महिनाभर वापरून बघायला दिलं. शिकवायला तो संध्याकाळी यायचा, आणि शिकवून झाल्यावरही थांबायचा. पोरगा कॉम्प्युटरकडे कमीच बघतो, असं जुने कारागीर तिजानीकाका लेथ पुसता पुसता पुटपुटायचे. एमना ऐकलं न ऐकल्यासारखं करायची. पण त्याच्या यायच्या वेळी साबणाने हात घासून घासून धुवायची.

अडचण एकच होती. काम नोंदवायचं तर सॉफ्टवेअर आधी ड्रॉइंग मागायचं. इथे ड्रॉइंग कुणाकडे असणार? गिऱ्हाईक मोडका तुकडा टेबलावर ठेवायचं, काका माप घ्यायचे, की काम सुरू. मग एमना प्रत्येक कामाला बॉयलरच्या झाकणाचं एकच जुनं ड्रॉइंग जोडून टाकायची. नबीहला तिने हे सांगितलं नाही. सॉफ्टवेअर आपल्या उपयोगाचं नाही असं ठरलं, तर तो कशाला येईल?

महिना संपत आला आणि त्याला ते दिसलंच.

"सगळं स्फाक्स एकाच बॉयलरचं झाकण बनवून घेतंय वाटतं."

एमना ओशाळली. "चालतंय ना... उद्या करारावर सही करते मी."

"नका करू." तो स्क्रीनकडेच बघत होता. "हे हजार सारखे नग काढणाऱ्यांसाठी आहे. तुमचा प्रत्येक नग वेगळा. यंदाही अदलाबदल होईल." मग त्याने दुसऱ्याच एका कंपनीचं नाव सांगितलं. त्यांच्याकडे मोडक्या तुकड्याचा फोटो काढला की काम नोंदवता येत होतं. हे आपल्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, असंही त्याने सांगून टाकलं.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही तरी ड्रॉइंगचं का लपवलंत?"

नीट ऐकू यावं म्हणून तिजानीकाकांनी लेथ बंद केला.

नबीहने लॅपटॉप मिटला. "आता इथे यायला मला काही कारण उरलं नाही."

एमनाने त्याच्याकडे सरळ बघितलं. दुसरं सॉफ्टवेअर ती घेणारच होती. पण हा माणूस दारातून गेला तर...

"रविवारी आई माशांचा कुसकुस करते," ती म्हणाली. "घरी जेवायला ये. एकटा नको — तुझ्या आईला घेऊन ये."

मुलाने आईला घेऊन मुलीच्या घरी जायचं, याचा अर्थ स्फाक्समध्ये कुणाला सांगावा लागत नाही. नबीहच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने तिथेच फोन काढला.

"आई," तो म्हणाला, आणि त्याची नजर एमनावरून हलली नाही, "रविवारी कुठे जायचं ठरवू नकोस."