नऊ नंबरची बाटली

हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्या. अतुल अजून तुमसरलाच राहतो. खोटं वाटलं तर उद्या जाऊन त्यालाच विचारा.

त्याचं काम साधं. आंबागडकडच्या एका मँगनीज खाणीभोवतीच्या बारा विहिरींचं पाणी दर तीन महिन्यांनी बाटल्यांत भरायचं, चिठ्ठी लावायची, नागपूरच्या प्रयोगशाळेत द्यायचं. नियम असा, की आधी दहा मिनिटं मोटर चालवायची आणि मगच ताजं पाणी भरायचं. पण शेतीची लाईन, म्हणजे वीज, येते रात्री, तीही तिच्या मर्जीने. हा नियम करणाऱ्याला एकदा त्या बांधावर बसवायला हवं होतं.

नऊ नंबरची विहीर शकुंतलाबाईंची. पाणी रात्रभर घागरीत ठेवलं की सकाळी तळाला काळा थर. म्हातारी प्यायचं पाणी दोन किलोमीटरवरच्या शाळेच्या हँडपंपावरून आणायची. विहिरीचं पाणी खराब ठरलं, तरच तिच्या वस्तीला नळ मिळणार होता. म्हणून अतुल बाटली भरू लागला की ती मागे टॉर्च धरून उभी राहायची आणि एकच विचारायची, "बाबू, माह्या पान्याचं काय निंगालं?"

ऑगस्टच्या दहा तारखेला अतुल तिथे तीन तास ताटकळला. लाईन नाही, गुडघाभर चिखल, वरून ऑफिसचे फोन. तो इतका वैतागला, की परतताना शाळेच्या हँडपंपावर बाटली भरली आणि नऊ नंबरची चिठ्ठी चिकटवून दिली. एका बाटलीने काय बिघडतं!

बिघडलं. पाणी पिण्यायोग्य निघालं आणि वस्तीचं नाव नळाच्या यादीतून उडालं. अतुलने दोनदा फेरतपासणीचा अर्ज दिला. साहेब खेकसले, "रिपोर्ट चांगला आला त तुह्या पोटात काहून दुखून राहिलं?" खरं सांगायची त्याची छाती झाली नाही. दसऱ्याच्या आधी म्हातारी त्याच हँडपंपाच्या वाटेवर ट्रकखाली गेली.

सतरा नोव्हेंबर दोन हजार तेवीस. शुक्रवार. रात्री पावणेनऊला अतुल नऊ नंबरवर पोहोचला. अकरा बाटल्या भरलेल्या, बारावी हातात. सकाळ उजाडली तरी चालेल, पण आज इथलंच पाणी न्यायचं, हे ठरवूनच आला होता.

म्हातारीची सून रेणू दारातूनच बोलली, "आता कायले आले, भाऊ? कागदावर त पानी चांगलं हाय ना!"

"आज बरोबर नेतो, वैनी."

"सासू बी हेच आयकत गेली."

तिने दार लावून घेतलं.

साडेनऊला लाईन आली. अतुलने मोटर लावली, घड्याळ लावून दहा मिनिटं मोजली आणि बाटली घेऊन पाइपाशी वाकला. अंधारात धार दिसेना. तेवढ्यात मागून टॉर्चचा उजेड पडला.

"जराशी खाली धरा, वैनी."

उजेड खाली आला. बाटली भरली. त्याने झाकण लावलं.

लाईन गेली. मोटर थांबली.

उजेड तसाच.

"वैनी...?"

समोर घराचं दार. आतून बंद. रेणूच्या खोकल्याचा आवाज... आतूनच.

अतुलला मान वळवता येईना.

"बाबू..." अगदी पाठीशी. "माह्या पान्याचं... काय निंगालं?"

 

"मावशी... ते पानी... तुमचं नव्हतंच."



उजेड विझला.

सकाळी नागपूरला प्रयोगशाळेच्या कारकुनाने खोका उघडला. बाटल्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"यादीत बारा हायेत. हे तेरावी कोन्ती?"

अतुलने ती हातात घेतली. तळाला बोटभर काळा थर, तीन महिने ठेवल्यासारखा. चिठ्ठीवर नऊ नंबर. अक्षर अतुलचं, सही अतुलची. तारीख दहा ऑगस्ट.

"ऑगस्टची नऊ नंबर त जमा हाय आमच्याकडे," कारकून म्हणाला. "पानी चांगलं निंगालं होतं. हे वापस न्या."

अतुल भांडला, हातापाया पडला. कारकुनाने बाटली घेतली नाही. त्याच दुपारी अतुलने सगळं लेखी कबूल केलं. त्या कागदाला आजतागायत उत्तर नाही.

बाटली मात्र त्याच्या घरी, खिडकीत आहे.

त्याने न भरलेली.