सुकेशनीच्या गाडीचे शॉकअप

परभणीत नागेशच्या गॅरेजमध्ये सुकेशनीची लाल गाडी जॅकवर चढली होती. मागचे दोन्ही शॉकअप तेल गाळायला लागले होते. सुकेशनी झरीकडच्या गावांमध्ये जनावरांची डॉक्टर. दिवसभर गाडी पळवायची, आणि तिला ते मनापासून आवडायचंही.

"ते उंची बदलता येणारे शॉकअप, कॉइलओव्हरच बसव, नागेश," ती म्हणाली. "आटे फिरवून गाडी खाली घेता येती. जमिनीला चिकटून पळाली पायजे."

"झरीच्या आतल्या रस्त्यावर?"

आवाज मागून आला. तिनं वळून पाहिलं. धुळीनं पांढरे झालेले बूट, हातात चहाचा कप, आणि दाबून ठेवलेलं हसू...

"तुमचं काय जातंय?"

"माझं न्हाई, गाडीचं पोट जाईल. मी त्याच रस्त्याच्या कामावर इंजिनिअर हाय. सिद्धोधन."

"मंग रस्ता करा की नीट. मला शॉकअप बदलायची पाळीच येणार न्हाई."

सिद्धोधन कानापर्यंत लाल झाला. तिला ते उगाच आवडलं.

त्याच्या गाडीला साधेच, पण चांगल्यातले शॉकअप आणि जरा कडक स्प्रिंगा होत्या. नागेशच्या स्वतःच्या गाडीला कॉइलओव्हर, आणि ती त्यानं चांगलीच खाली घेतलेली. "दोन्ही चालवून बघा, मंग ठरवा," सिद्धोधन म्हणाला.

"बघते. पण शेजारी तुमी बसायचं," ती बोलून गेली आणि मग स्वतःच गाडीच्या चाकाकडं बघत राहिली.

रविवारी सकाळी आधी नागेशची गाडी काढली. जिंतूर रोडच्या नव्या डांबरावर तिनं एक वळण घेतलं, आणि गाडी जराही कलली नाही. तिच्या ओढणीचं टोक वाऱ्यानं त्याच्या मनगटावर येऊन पडलं. त्यानं हात हलवला नाही.

"कसं वाटलं?" तिनं विचारलं.

"पोटातलं पाणी हललं न्हाई," त्यानं मान्य केलं.

मग गावाचा फाटा आला. पहिल्याच गतिरोधकावर खरर्र आवाज झाला आणि गाडी पोटावर टेकली — ना पुढं, ना मागं. शेजारच्या रानात कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला बांधलेली कापसाची ओटी सांभाळत धावत आल्या. त्यांत कडूबाई पुढं होती. तिच्या म्हशीला सुकेशनीनंच बरं केलं होतं.

"डॉक्टरीणबाई, तुमी बसा. मालकाला लावा ढकलायला," कडूबाई म्हणाली. "अंगानं बारीक हायत, पर जमंल."

मालक! सुकेशनीनं दुरुस्त करायला तोंड उघडलं... आणि गिअर टाकला. मागं सिद्धोधननंही बाह्या सारून खांदा लावला. बायांना मात्र हसू आवरेना.

दुपारी त्याची गाडी त्याच गतिरोधकावरून सहज गेली. वळणावर ती थोडी कलत होती, एवढंच. निर्णय तिथंच व्हायला हवा होता. पण सुकेशनीला तो होऊ द्यायचा नव्हता. त्याच गळक्या शॉकअपवर रोज येता-जाता ती त्याच्या कामाजवळ थांबायला लागली. कडक स्प्रिंगनं पाठ दुखते का? कॉइलओव्हरच्या आट्यांत माती बसली तर? तो रोलर थांबवून सावकाश उत्तरं द्यायचा, आणि तिच्याकडं दुसऱ्या दिवशीसाठी नवा प्रश्न तयार असायचा.

एका संध्याकाळी मात्र तोच आधी बोलला. "पुढच्या महिन्यात काम संपायलंय. कंपनी नांदेडकडं पाठवणार मला."

"बरं," ती म्हणाली आणि गाडीत बसली. तयार ठेवलेला प्रश्न न विचारताच तिनं गाडी काढली.

रात्रभर विचार करून तिनं सकाळी त्याला फोन केला. "गॅरेजला या. आज ठरवायलेय."

तो आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. "कॉइलओव्हरच घ्या," तो म्हणाला. "उंची सध्या गाडी कंपनीतून आली तेवढीच ठेवा. तुमाला वळणावर हसताना बघितलंय मी. ते हसू साध्या शॉकअपवर न्हाई दिसलं."

सुकेशनीनं नागेशकडं तोंड केलं. "साधे बसव. मऊ असतील असे."

"अन् कॉइलओव्हर?" नागेश गोंधळला.

"पुढं बघू. मला सोनपेठहून बाबांना आणायचंय. त्यांची कंबर धरलीय, धक्का सोसत न्हाई."

"परभणीत काही कार्यक्रम हाय का?" सिद्धोधननं विचारलं.

"हाय ना." ती नखानं बॉनेटवरची धूळ खरवडत राहिली. "त्यांना तुमाला बघायचंय. म्हणजे... तुमची हरकत नसंल तर. नांदेड काय, तासा-दीड तासावर तर हाय."

गॅरेजमधली ठोकाठोक थांबली. सिद्धोधननं नागेशला विचारलं, "किती वेळ लागंल?"

"संध्याकाळ होईल."

"एवढं कोण थांबतंय?" त्यानं खिशातून स्वतःच्या गाडीची चावी काढून सुकेशनीच्या हातात ठेवली, आणि तिची बोटं मिटून घेतली. "चल. बाबांना इकडं कशाला दगदग? आपणच जाऊ सोनपेठला."

त्यानं पहिल्यांदाच तिला 'चल' म्हटलं होतं.